दोनपर्यंत फोन करू नकोस

प्रिय मंजिरी,

सवयीनं आधी ‘चि. सौ. मंजिरीस अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं आणि मग त्या ‘चि.’कडे बघत बसले. पाच वर्षं झाली तुला जाऊन, तरी हात आपला जुन्या वळणानं चालतो! तो कागद बाजूला ठेवला आणि हा दुसरा घेतला. यावर नुसतं ‘प्रिय’ लिहिलंय. तू असताना हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नाही. निघायला हवा होता ना?

आत्ताच का लिहितेय, सांगते. गेल्या रविवारी शैलजा येऊन गेली. तुझ्या ऑफिसातली, त्या दिवशी तुझ्याबरोबर होती ती. आणि काल सकाळी मी गुरूशी बोलले. तुझ्या नवऱ्याशी पाच वर्षं जे बोलायचं टाळलं, ते बोलले. आता तुझ्याशीच बोलायचं राहिलंय.

माझ्या मराठीला हसू नकोस. तू सांगलीची, शुद्ध बोलणारी. आम्ही म्हैसूरचे, चार पिढ्या इथे राहून घरात मराठी बोलतो म्हणजे काय बोलतो, ते तुला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी म्हणाले, “सुम्मने बैस गं जरा,” आणि तू गुरूकडे बघत विचारलंस, “म्हणजे बसू की नको बसू?” नुसती बैस, काही करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं मला! शाळा माझी कन्नडमधली. मराठी लिहायला वडिलांनी शिकवलं, तेही देवाच्या पोथीपुरतं. तू माझ्या वाणसामानाच्या यादीतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायचीस. किती राग यायचा मला! तू गेल्यावर तुझ्या कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचली. सगळी. म्हणून आज एवढं लिहिता येतंय.

तुला मी लगेच आपलं म्हटलं नाही, हे दोघींनाही माहीत आहे. आमच्या घरात कांदा-लसूण नाही, सोवळं कडक. इथे त्याला मडी म्हणतात, पण नाव कुठलंही घे, जाच तोच, असं तू एकदा म्हणाली होतीस आणि मला ऐकू आलं होतं. तू भांडली नाहीस. मागच्या अंगणात पत्र्याखाली एक छोटी शेगडी मांडलीस आणि रविवारी तिथे तुझी मिसळ करायला लागलीस. कांदा परतल्याचा वास अख्ख्या गल्लीत! मी नाकाला पदर लावून देवघरात बसायची. आणि एका रविवारी तू वाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. “अम्मा, हे मागच्या अंगणातलं आहे, घरातलं नाही. अंगणात येऊन खाल्लंत तर चालेल का?” काय पण वकिली! मी अंगणात जाऊन खाल्ली. दुसऱ्यांदा वाढून घेतली. ते तू कोणाला सांगितलं नाहीस, त्याचे उपकार आहेत.

मग चिन्नू झाली. मग तुझ्याही तोंडात ‘अय्यो’ आणि ‘पुरे’ऐवजी ‘साकु’ बसलं. सांगलीला गेलीस तेव्हा तुझी आई फोनवर मला म्हणाली, “विहिणबाई, पोरगी तुम्ही पार कानडी केलीत!” मला त्या दिवशी फार बरं वाटलं. तुला सांगितलं मात्र नाही.

आता त्या दिवसाकडे यायलाच हवं. इतकं लिहून कितीदा उठले बघ. दूध उतू जातंय का पाहून आले, वरुण्याहून दूध घालायला येणाऱ्या बसवण्णाशी उगाच दोन शब्द बोलले, परत बसले.

तुझ्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं. आणि तुझं ते चार दिवसांचं ट्रेनिंग नेमकं तेव्हाच आलं, त्या गावी. त्या गावाचं नाव मी अजून घेत नाही. टीव्हीवर आलं तर उठून जाते. मी किती बोलले तुला! सासऱ्याच्या श्राद्धाला सून घरात नाही, लोक काय म्हणतील, ब्राह्मणांना वाढायचं कोणी? तू म्हणालीस, “अम्मा, तारीख माझ्या हातात असती तर मी गेले असते का?” आणि ते खरं होतं. यांच्या आजारपणात तूच त्यांना पेपर वाचून दाखवायचीस. श्राद्ध चुकवायची हौस तुला कशाला असेल? पण राग आला की मला खरं-खोटं दिसत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तू न्हाऊन ओलेत्यानं माझं नऊवारी सोवळं काठीनं दोरीवर वाळत घातलंस. कोणाचा हात लागू नये म्हणून उंच, अगदी मी घालते तसं. मी दारातून बघत होते. “बरोबर आहे ना?” विचारलंस. मी म्हणाले, “एक काठ दुमडलाय.” एवढंच म्हणाले बघ मी.

आणि रिक्षा आल्यावर फाटकापाशी तुला बजावलं, “उद्या दोनपर्यंत फोन करू नकोस. मी सोवळ्यात असते. गुरूही मांडीवर दर्भ घेऊन बसलेला असतो. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत घरात फोन नको.” तू मान हलवलीस. चिन्नूचा मुका घेतलास आणि गेलीस. तुझ्याशी बोललेलं माझं ते शेवटचं वाक्य. सून परगावी निघालीय आणि मी तिला सांगते काय, तर फोन करू नकोस!

दुसऱ्या दिवशी सोसल्याहून आपले पुरोहित आचार्य वेळेवर आले. गुरू बाहेरच्या खोलीत बसला, त्याचा फोन बंद करून माडीवर ठेवलेला. मी स्वयंपाकघरात. खीर झाली होती, कारलं झालं होतं, कच्च्या केळ्याची भाजी झाली होती, आणि मी वडे तळत होते. माझा फोन जेवणघरातल्या टेबलावर उभा टेकवलेला, माझ्या दारातून दिसेल असा. साडेबारा वाजून गेले असतील. फोन वाजला.

तुझा फोटो आला त्यावर. तूच तो लावून दिला होतास, चष्मा न लावता मला कळावं म्हणून. पूर्ण वाजला आणि थांबला. मी म्हणाले, बघा, सांगितलं तरी ऐकत नाही. पुन्हा वाजला. मी कढईकडे तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला खरोखर संताप आला. मनातल्या मनात तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिसऱ्यांदा तो फार वेळ वाजत होता, असं मला तरी आठवतं. मग बंद झाला आणि परत वाजला नाही.

हात पुसून, चार पावलं टाकून तो फोन उचलला असता तर काय झालं असतं? सोवळं मोडलं असतं. पुन्हा अंघोळ करून ओलं नेसले असते. ब्राह्मण अर्धा तास उशिरा जेवले असते. यांना, जिवंतपणी दोन-दोनदा कॉफी मागणाऱ्या माणसाला, अर्धा तास उशीर झाला असता तर काही बिघडलं असतं का गं?

ब्राह्मण जेवून उठले, दक्षिणा घेऊन गेले, आणि मग गुरूनं फोन चालू केला. तो लगेच वाजला. तुझ्या ऑफिसातून. त्यानं टीव्ही लावला. त्या गावच्या बाजारात बंदुका घेऊन माणसं शिरली होती, दुपारच्या जेवणाला आलेली माणसं आत अडकली होती, एवढं मला समजलं. मी म्हणाले, “मंजिरी ट्रेनिंगला गेलीय, ती कशाला जाईल बाजारात?” मला ते तीन फोन आठवत नव्हते असं नाही. आठवत होते. म्हणूनच मी मोठमोठ्यानं तसं म्हणत होते.

संध्याकाळी बातमी पक्की झाली. बेंगळूरला विमानतळावर जायला निघताना गुरू माझा फोन मागून घेऊन गेला. “चार्जिंगला लावतो,” म्हणाला. परत आणून दिला आणि गेला. पुढे कितीतरी दिवसांनी हिंमत करून मी फोनमध्ये पाहिलं. त्या दिवसाचे तुझे फोन त्यात नव्हतेच. मला त्या यंत्रातलं फारसं कळत नाही. वाटलं, इतके दिवस गेले, आपोआप पुसलं गेलं असेल. आणि मंजिरी, मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. कोणालाच कळणार नाही आता.

तुला इथे आणलं तेव्हा गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. कॅमेरे घेऊन माणसं आपल्या कट्ट्यावर चढली होती. एकीनं मला विचारलं, “सून शेवटचं काय बोलली तुमच्याशी?” मी तिच्या तोंडावर दार लावलं. सगळे म्हणाले, बिचारीला सहन होत नाही. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी स्मशानात तुला नेलं आणि मग नरसीपूरच्या संगमावर तुझी राख सोडली. येताना गाडीत चिन्नू सारखी विचारत होती, आई कुठल्या पाण्यातून येणार? अडीच वर्षांची होती. तिला काय सांगायचं?

आणि गंमत बघ कशी, गंमत म्हणायची नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. तुझी आणि यांची तिथी एकच झाली. आचार्य म्हणाले, आधी वडिलांचं करायचं, मग नव्यानं चूल पेटवून सुनेचं. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी, त्याच स्वयंपाकघरात, मी दोनदा स्वयंपाक करते. यांचे वडे तळून झाले की तुझे वडे. गुरू दोन्ही वेळा खाली मान घालून बसतो. गेल्या वर्षी तुझे वडे तळताना माझ्या हातातून झारा पडला. आचार्यांना वाटलं, वय झालं.

आता शैलजाचं सांगते. रविवारी दुपारी ती हुणसूरहून बसनं आली. काठी टेकत टेकत. डावा पाय अजून धड नाही. बरीच वर्षं ती दवाखान्यातून घरी आणि घरातून दवाखान्यात अशीच होती. कोणाशी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. गुरू चिन्नूला नाचाच्या क्लासला घेऊन गेला होता, घरात मी एकटी. ती कन्नडमध्ये बोलली. मी तुला आपल्या भाषेत सांगते.

म्हणाली, “अम्मा, पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. तिथे मला सगळं सांगावं लागेल. आत किती वेळ होतो, कोण काय बोललं, कोणी कोणाला फोन केले. तुम्हाला पेपरात वाचायला लागू नये, म्हणून आधी घरी सांगायला आले.”

मी म्हणाले, “कोणाला फोन केले?”

“आधी गुरूंना. तो बंद होता. मग तुम्हाला. तीनदा.”

मी तिला काय म्हटलं असेल? मी म्हणाले, “मग आता हे जगभर सांगणार का तू?” अशी फटकन! लंगडत एवढ्या लांबून आलेल्या पोरीला! कॉफी अर्धी प्यायली होती तिनं, पेला खाली ठेवला. मी आणखी हवी का म्हणूनही विचारलं नाही.

मग तीच बोलायला लागली. तुम्ही चपलांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांच्या आड सात जण बसला होतात. बाहेर आवाज येत होते. तू आवाज अगदी बारीक करून फोन कानाशी घट्ट धरला होतास. पहिल्यांदा मला फोन लावलास तेव्हा शैलजा तुला म्हणाली, बोलू नकोस, ऐकू जाईल. तू म्हणालीस, “बोलायला लागणारच नाही. अम्मा उचलणार नाहीत. श्राद्धाच्या स्वयंपाकात आहेत.”

“मग लावतेस कशाला?” शैलजानं विचारलं.

तू म्हणालीस, “टेबलावर वाजत असेल आत्ता. वडे तळत असतील. वाजू दे.”

म्हणून तीनदा लावलास. बोलायला नाही. आपल्या घरात तो वाजतोय, एवढंच ऐकायला. शैलजा म्हणाली, तिसऱ्यांदा तू डोळे मिटून ऐकत होतीस, आणि मग दाराशी पावलं आली.

खरं आहे का गं हे? मी तेव्हापासून हाच विचार करतेय. म्हातारीला बरं वाटावं म्हणून शैलजानं पदरचं घातलं असेल का? पण वड्यांचं तिला कसं कळलं असेल? आणि खरं असलं म्हणून माझं काय सुटलं? मी उचलणार नाही याची तुला इतकी खात्री होती. मरणाच्या दारात बसूनही तुला माहीत होतं की अम्मा सोवळं मोडणार नाही. ही खात्री मीच तुला दिली होती ना, या घरात तशीच वागून वागून? शैलजाला वाटलं, तिनं मला धीर दिला. मी त्या दिवशी जेवू शकले नाही.

जाताना तिनं विचारलं, “गुरूंना मी सांगू का?” मी म्हणाले, “नको. मी सांगते.”

म्हणाले खरी. पण सांगायचं कसं? सोमवारी सांगायचं ठरवलं, तर त्याचं डोकं दुखत होतं. मंगळवारी मंडी मोहल्ल्यातून कॉफीची पूड आणायला त्याच्याबरोबर गेले, गाडीत दोघंच होतो, तोंड उघडलं आणि म्हणाले, “सिग्नल सुटला.” बुधवारी तर सरळ खोटं बोलले. तो म्हणाला, “शैलजा काय म्हणत होती?” मी म्हणाले, “काही नाही, सहज आली होती.” कोर्टात तो जाणार, त्याच्या कानावर परक्या वकिलाच्या तोंडून पडणार, हे दिसत होतं मला. मला भीती कसली होती सांगू? मुलगा ओरडेल याची नाही. तो मला काहीच म्हणणार नाही, चिन्नूला घेईल आणि सांगलीला, नाही तर आणखी कुठे निघून जाईल, याची भीती होती. या घरात आता आम्ही तिघंच आहोत.

काल सकाळी तो चिन्नूच्या गणवेशाला इस्त्री करत होता. चिन्नू न्हाणीत होती. मी मागे उभी राहिले आणि सांगून टाकलं. बसलेही नाही. “गुरू, त्या दिवशी मंजिरीचा मला फोन आला होता. तीनदा. मी वडे तळत होते. मी बघितला आणि उचलला नाही.”

तो इस्त्री फिरवत राहिला. मग म्हणाला, “गोत्तु अम्मा. माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“त्याच संध्याकाळी बघितलं तुझ्या फोनवर. मीच पुसलं ते.”

चार्जिंगला लावतो म्हणून घेऊन गेला होता ना! म्हणाले, “का रे? मला का नाही विचारलंस?”

“मला तिला आणायला जायचं होतं. चिन्नू तुझ्याजवळ ठेवून. तू ते बघत बसली असतीस तर चिन्नूला कोणी भरवलं असतं? त्या दिवशी तू मोडून चालणार नव्हतं.”

“आणि नंतर? पाच वर्षं?”

त्यानं इस्त्री उभी केली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, “नंतर मला राग आला. खूप राग आला, अम्मा. वर्ष-दीड वर्ष तुझ्या हातचा भात घशाखाली उतरत नव्हता. ऑफिसात खाऊन यायचो आणि तुला सांगायचो, भूक नाही. तुला वाटायचं, दुःख आहे.”

हो मंजिरी, मला तसंच वाटायचं. मी त्याच्यासाठी सारू पुन्हा पुन्हा गरम करायची. आणि तो मला बघून ताटावरून उठायचा.

मी विचारलं, “आता?”

“आता काय. माझा फोन तर बंदच होता ना. तुझा वाजला तरी. माझा तिला वाजलेलाही ऐकू आला नाही.” आणि मग माझा तो धिप्पाड मुलगा हातात चिन्नूचा फ्रॉक धरून रडला. पाच वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. श्राद्धात नाही, संगमावर नाही. मी त्याला तुझं वाक्य सांगितलं, शैलजानं सांगितलेलं, वाजू दे म्हणालीस ते. तो म्हणाला, “तिचंच आहे हे वाक्य. हे कोणी बनवून सांगू शकणार नाही.” तू त्याची बायको, त्याला जास्त कळणार. तो म्हणतो म्हणून मी आता खरं मानते.

चिन्नू टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि ओरडली, “अप्पा, फ्रॉक ओला का केलास? शाळेला वेळ होतोय!” तुझाच आवाज, तुझंच कंबरेवर हात ठेवणं. आम्ही दोघंही हसलो. तिला काही कळलं नाही.

दुपारी शैलजाला मी स्वतः फोन लावला. तिची माफी मागितली. साक्ष द्यायला जाताना तिनं आपल्या घरी येऊन जेवून जावं असं सांगितलं. गुरू तिला गाडीनं नेणार आहे. मीही जाणार आहे बरोबर. कोर्टात माझं काही काम नाही, पण तिनं ते तीन फोन सांगितले की निदान ज्या बाईनं ते उचलले नाहीत ती समोर बसलेली असावी. तोंड लपवून घरी नको.

इथे थांबले असते तर पत्र पुरं झालं असतं. पण एक राहिलंय. ते शैलजाला ठाऊक नाही. काल सगळं बोलूनही ते गुरूला सांगितलं नाही. तुला मात्र सांगायलाच हवं, कारण ते तुझं आहे.

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिन्नू जेवणघरात जमिनीवर बसून डबे रचत होती. तिनं वर पाहिलं. टेबलाच्या कडेवरून तिला फोनवरचा फोटो दिसला. “अम्मा! आई!” असं ओरडून ती उठली आणि धावत गेली. टाचा उंच करून तिनं हात टेबलावर टाकला. बोटं फोनला लागली होती, मंजिरी. तिला ते हिरवं बटण दाबता यायचं. तूच शिकवलं होतंस तिला.

आणि मी ओरडले, “मुट्टबेडा!” शिवू नकोस म्हणून. ती तुझा फोन घेऊन माझ्याकडे धावत येईल, मला शिवेल, सोवळं जाईल, म्हणून. इतक्या जोरात ओरडले की ती घाबरून खाली बसली आणि रडायला लागली. ती रडत होती आणि तो वाजत होता. मग तो थांबला.

तिला यातलं काही आठवत नाही. माझ्याजवळ झोपते, माझ्याच हातून वेणी घालून घेते. तिला कोणी सांगितलं नाही तर कधीच कळणार नाही, आणि मी पाच वर्षं देवाकडे हेच मागत होते.

आता नाही मागणार. तुला वचन देते. गुरूला आज तो घरी आला की सांगते. आणि चिन्नू विचारेल त्या दिवशी, नाही विचारलं तर ती बारा वर्षांची व्हायच्या आत, कारण माझा आता काय भरवसा, तिला समोर बसवून मीच सांगेन. तिच्या अप्पाला पुढे करणार नाही. ‘तुझ्या आजीनं तुला अडवलं,’ असं तिला सांगेन. ती मला काय म्हणेल ते ऐकून घेईन. पण त्याच्या आधीचंही सांगेन, ते तिच्यापासून मी चोरून ठेवलंय. तिच्या आईनं घरी फोन केला तेव्हा घरातलं एक माणूस उठून धावत गेलं होतं, आणि ते माणूस ती होती.

तुझी,
अम्मा